घरगुती पिठांचा व्यवसाय वाढवायचा आहे : आधी जाहिरात, आधी पॅकिंग, की आणखी काही? (बडोदा)

सुगरण_बडोदा | ३ जुलै, सकाळी ९:४०

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या राहत्या घरातून मी सहा वर्षांपासून थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लाडू आणि दिवाळीचे जिन्नस करून विकते. मदतीला दोन बायका आहेत. एकूण ३४ प्रकार आहेत आणि महिन्याला साधारण ११० किलो माल जातो. त्यात निम्म्याहून अधिक वाटा भाजणीचा असतो.

गेली दोन वर्षे विक्री जिथल्या तिथे आहे. माझे जुने गिऱ्हाईक म्हणजे शहरातली मराठी घरे, आणि त्या घरांतली मुले आता नोकरीनिमित्त बाहेरगावी गेली आहेत. दोनच माणसे उरलेल्या घरात अर्धा किलो भाजणी दोन महिने पुरते. म्हणजे वाढायचे असेल तर गुजराती घरांपर्यंत पोहोचायला हवे, एवढे मला समजले आहे.

यासाठी मी ६०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. रील्स आणि पोस्ट करून देणारी एक मंडळी महिन्याला १२,००० रुपये मागत आहेत. दुसरा मार्ग छापील पाउचांचा. तिसरे म्हणजे अलकापुरीतला एक दुकानदार महिन्याला ५० किलो भाजणी घ्यायला तयार आहे, पण पाकिटावर त्याच्या दुकानाचे नाव हवे म्हणतो. शिवाय काही नातेवाइकांचा आग्रह आहे की ब्रँडचे नाव बदलावे, कारण ते माझ्या सासूबाईंचे नाव आहे आणि फार मराठी वाटते. आधी काय करावे, हे ठरत नाही. अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

कमाटीबाग | ३ जुलै, सकाळी १०:१५

ताई, रील्सना पर्याय नाही. तुमचा माल उत्तम असेलच, पण गोत्री किंवा मांजलपूरमध्ये राहणाऱ्या तिशीतल्या गुजराती गृहिणीला तुम्ही अस्तित्वात आहात हेच ठाऊक नाही, आणि ती नवे पदार्थ फोनवरच शोधते. थालीपीठ तव्यावर उलटताना, मधल्या भोकात तूप सोडताना पाहिले की भूक लागते. हे काम कोणतेही पाकीट करू शकत नाही. चार महिने नेटाने करून पाहा. शिवाय गुजराती बाजार किमतीला संवेदनशील असतो, तेव्हा डाळींचे प्रमाण कमी करून एक स्वस्त भाजणीही काढावी, असे माझे मत आहे.

हिशेबवही | ३ जुलै, दुपारी १२:०५

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब पाहतो, म्हणून आधी आकड्यांकडे येतो. एक किलो भाजणीमागे सर्व खर्च, तुमच्या बायकांची मजुरी आणि गॅस वजा जाता किती उरतात? समजा ७० रुपये उरतात. मग १२,००० रुपये भरून काढण्यासाठी महिन्याला सुमारे १७१ किलो जादा भाजणी विकावी लागेल. आज तुमचा सगळा माल मिळून ११० किलो आहे. तेवढे पीठ भाजायला कढया, हात आणि जागा आहे का? नसेल, तर जाहिरात यशस्वी झाली तरी तुम्ही अडचणीत याल, कारण ज्यांना माल वेळेवर मिळणार नाही ते पुन्हा विचारणार नाहीत.

माझी विनंती अशी की पैसे खर्च करण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची वही काढा. किती वेगवेगळी घरे आली, त्यांतली किती तीन किंवा अधिक वेळा आली, प्रत्येक वेळी काय घेतले आणि ती पहिल्यांदा कुणामुळे आली, एवढे चारच रकाने करा. लहान व्यवसायाची प्रतिमा काय आहे हे त्या वहीत आधीच लिहिलेले असते.

रानफूल | ३ जुलै, दुपारी १:३०

कमाटीबाग यांच्या स्वस्त भाजणीच्या सूचनेशी मी अजिबात सहमत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले, तेव्हा सुरुवातीला त्याही दोन दर्जांचे पापड करत होत्या. एकच दर्जा ठेवा आणि त्यात कधीही तडजोड करू नका, असा सल्ला त्यांना मिळाला व त्यांनी तो पाळला. एका नावाखाली दोन दर्जे ठेवले की ज्या घरात स्वस्त पाकीट गेले, ते घर त्या चवीलाच तुमची चव समजते. त्यांना महागडे पाकीट नंतर कोण विकणार?

कमाटीबाग | ३ जुलै, दुपारी २:१०

हा मुद्दा मान्य आहे. स्वस्त भाजणीऐवजी २०० ग्रॅमचे लहान पाकीट म्हणू या. दर्जा तोच, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला धोका कमी. रील्सबद्दलचे मत मात्र कायम आहे.

जुना_रावपुरा | ३ जुलै, सायंकाळी ६:४५

नाव बदलण्याच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझी सगळी नोकरी बँकेत गेली. महाराज सयाजीरावांनी १९०८ साली आपल्या शहरात बँक ऑफ बडोदा स्थापन केली. १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, पण बँकेचे नाव बदलले नाही. २००५ साली बँकेने नवे बोधचिन्ह घेतले, उगवत्या सूर्याचे. रंग बदलला, पाट्या बदलल्या, नाव तेच राहिले. २०१९ मध्ये विजया आणि देना या दोन बँका तिच्यात विलीन झाल्या, तेव्हाही नाव तेच राहिले. नावात लोकांचा विश्वास साठलेला असतो. चिन्ह, रंग आणि कागद बदलले तरी तो टिकतो. नाव बदलले की मात्र तो पहिल्यापासून मिळवावा लागतो.

तुमच्या सासूबाईंचे नाव गुजराती माणसाला उच्चारता येते ना? मग ते फार मराठी असण्याने काही बिघडत नाही. उलट, मराठी पदार्थ मराठी बाईच्या नावाने मिळावा, यात गिऱ्हाइकाला खात्रीच वाटेल.

निळी_शाई | ३ जुलै, रात्री ९:२०

मी पॅकिंगच्या छपाईत काम करते. छापील पाउचांची घाई करू नका, हे कळकळीने सांगते. मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या ग्राव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळे सिलिंडर कोरावे लागते, आणि तो खर्च परवडण्यासाठी हजारो पाउच एकदम घ्यावे लागतात. नंतर किंमत बदलली, पत्ता बदलला किंवा घटकांची यादी बदलली की सगळा साठा रद्दी होतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंकडे पाच हजार पाउच अजून माळ्यावर पडून आहेत, कारण त्यांवर नोंदणी क्रमांकाचा एक अंक चुकीचा छापला गेला.

तुमच्या प्रमाणाला साधे, झिप असलेले उभे पाउच आणि त्यावर चांगल्या कागदाचे लेबल हेच योग्य आहे. लेबल दोनशे-दोनशे छापता येतात. आपल्या विद्यापीठातली ललित कला विद्याशाखा १९५० पासून चालू आहे आणि तिथे उपयोजित कला शिकणारी मुले असतात. एखाद्या विद्यार्थिनीला रीतसर मोबदला देऊन एक अक्षरचिन्ह आणि दोन रंग ठरवून घ्या. पुढे लेबल, पिशवी, बिल आणि फोनवरचे चित्र, सगळीकडे तेच अक्षर आणि तेच दोन रंग वापरावेत. आज पिवळे आणि उद्या जांभळे लेबल पाहून गिऱ्हाइकाला ओळख पटत नाही.

लेबलवर अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, घटकांची यादी, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे ते, आणि नाव, पत्ता व तक्रारीसाठी फोन असलाच पाहिजे. बरेच जण हे कोपऱ्यात, वाचताच येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत टाकतात. ते स्वच्छ आणि वाचता येईल असे छापले की तेवढ्यानेच घरगुती माल नेटका दिसू लागतो.

दगडफूल | ३ जुलै, रात्री १०:०५

यात एक भर घालते. 'मधुमेहावर गुणकारी', 'सांधेदुखी जाते' असे काहीही लिहू नका, कुणी कितीही सुचवले तरी. मधुमेहासारख्या आजारांवर उपायाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' या शब्दांच्या वापरावरही २०१८ च्या अन्नविषयक नियमांनी अटी घातल्या आहेत. त्यापेक्षा 'प्रत्येक धान्य वेगळे भाजून दळले आहे' हे वाक्य खरे आहे आणि अधिक बोलके आहे.

सुगरण_बडोदा | ४ जुलै, सकाळी ८:३०

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबवही, वही काढून बसले आहे. सहा वर्षांत हे कधी केले नव्हते. निळी_शाई, छापील पाउचांचा विचार सोडला.

एक अनुभव सांगते, कारण तो भाषेशी संबंधित आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी एका सोसायटीत टेबल मांडले आणि गुजराती अक्षरांत 'दिवाळी फराळ' अशी पाटी लावली. बऱ्याच बायका आल्या, चकली हातात घेऊन 'हे उपवासाला चालते ना?' असे विचारू लागल्या आणि नाही म्हटल्यावर निघून गेल्या. गुजरातीत फराळी म्हणजे फक्त उपवासाचे, हे मला जन्मभर बडोद्यात राहूनही पाटी लिहिताना सुचले नाही. त्या दिवशी निम्मा माल परत आणला आणि मला खूप वाईट वाटले. मालात काहीच उणे नव्हते.

मांजलपूर_वारा | ४ जुलै, सकाळी ९:१०

ताई, तुमच्या या अनुभवातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. गुजराती घरापर्यंत न पोहोचण्याचे कारण जाहिरातीची कमतरता नसून शब्द असू शकतो. ती पाटी 'दिवाळीनो नास्तो' अशी असती तर तोच माल गेला असता. उलट उपवासाच्या भाजणीवर मोठ्या अक्षरांत 'फराळी लोट' (लोट म्हणजे पीठ) लिहिले, तर श्रावणात आणि नवरात्रात ती मागितल्याशिवाय जाईल, कारण राजगरा आणि मोरैयो (वरी) त्यांच्याही घरात असतातच. आपला श्रावण आणि त्यांचा श्रावण एकाच दिवशी सुरू होतो, ही तर तुमची सोयच आहे.

आता थालीपिठाच्या भाजणीकडे या. माझ्या शेजारणीला मी 'भाजणी' म्हटले तेव्हा ती भाजीचा काही प्रकार समजली. मग मी तिला 'थालीपीठनो शेकेलो लोट', म्हणजे थालीपिठाचे भाजलेले पीठ, असे म्हटले आणि तिच्या चेहऱ्यावर लगेच ओळख उमटली. इथे प्रत्येक घंटीवर (पिठाच्या गिरणीवर) हांडव्याचा लोट आणि ढोकळ्याचा लोट तयार मिळतो. तुमचे पीठ त्याच रांगेत मनात बसले, तर ते कसे वापरायचे हे समजावण्याची गरजच उरत नाही.

कमाटीबाग | ४ जुलै, सकाळी ९:४०

हे उत्तम आहे. मग सरळ 'महाराष्ट्रीयन थेपला मिक्स' का म्हणू नये? आणखी सोपे होईल.

मांजलपूर_वारा | ४ जुलै, सकाळी १०:००

नको. थेपला पातळ आणि मऊ असतो. त्या अपेक्षेने कुणी थालीपीठ केले तर जाड आणि खरपूस लागले म्हणून नाराज होईल. पदार्थाचे नाव थालीपीठच राहू द्यावे, आणि ते कशाचे बनते एवढे मात्र त्यांच्या शब्दांत सांगावे.

इंदूरी_जिरावन | ४ जुलै, दुपारी ३:२५

इंदूरहून लिहितो. आमच्याकडे शेव-नमकीनचा बाजार इतका भरलेला आहे की नव्या माणसाला जागा सापडणे कठीण. मी आठ वर्षांपूर्वी बावीस प्रकारांनी सुरुवात केली होती आणि लोक मला 'ते नमकीनवाले' एवढेच म्हणत. तसे तर गल्लीत पाच जण होते. मग पत्नीच्या सांगण्यावरून फक्त जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि पोह्यांवर घालायची बारीक शेव एवढेच ठेवले. पहिले सहा महिने विक्री घटली, ते दिवस अवघड गेले. नंतर मात्र पोह्याचे ठेलेवाले स्वतः येऊ लागले, कारण जिरावन म्हटले की आमचेच नाव निघू लागले. ३४ प्रकार हे तुमच्या कष्टांचे मोजमाप आहे, पण गिऱ्हाइकाच्या स्मरणात इतके राहत नाही.

रानफूल | ४ जुलै, दुपारी ४:००

याला पूर्ण सहमती नाही. मराठी घरे लाडू आणि चकल्यांसाठी वर्षानुवर्षे ताईंकडे येतात. ते बंद केले तर जुने, भरवशाचे लोक दुखावतील.

इंदूरी_जिरावन | ४ जुलै, दुपारी ४:३०

बंद करू नका, मागणीनुसार करा. पाटीवर आणि लेबलवर मात्र एकच गोष्ट ठळक असावी.

हिशेबवही | ४ जुलै, सायंकाळी ७:१५

दुकानदाराच्या प्रस्तावाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दुसऱ्याच्या नावाने माल देणे वाईट नाही. त्याने कढया रिकाम्या राहत नाहीत. पण त्यात तुमची ओळख वाढत नाही आणि उद्या त्याला किलोमागे दहा रुपये स्वस्त देणारे कुणी मिळाले की तो तिकडे जाईल. द्यायचाच असेल तर निम्मा माल तुमच्या नावाने फळीवर ठेवण्याची अट घाला, आणि पैसे किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या कायद्याचा आधार आहे : लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नोंदणीला शुल्क नाही.

नाव टिकवायचे ठरवले असेल, तर ते ट्रेडमार्क म्हणूनही नोंदवा. पिठे आणि मसाले ३० व्या वर्गात येतात, व्यक्ती किंवा लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क मी शेवटचा अर्ज भरला तेव्हा ४,५०० रुपये होते, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. व्यक्तीच्या नावासोबत वेगळे अक्षरचिन्ह असले की अर्ज अधिक बळकट होतो. 'घरगुती' किंवा 'आईच्या हातचे' अशी वर्णनपर नावे सहसा मिळत नाहीत, कारण ती सगळ्यांचीच असतात. ६०,००० रुपयांतला हा पहिला खर्च असावा, असे मला वाटते.

दगडफूल | ५ जुलै, सकाळी ११:००

गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते, ती केली आहे का? आणि तीस-चाळीस नातेवाइकांकडून चांगले अभिप्राय लिहून घेतले तर सुरुवात बरी होईल, असे सगळे सांगतात.

जुना_रावपुरा | ५ जुलै, सकाळी ११:४०

नोंद जरूर करावी, पण न खाल्लेल्या माणसाकडून अभिप्राय घेऊ नये आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलतही देऊ नये. गूगलच्या नियमांतही ते बसत नाही. ताई, तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकांपैकी दहा जणांनी दोन ओळी लिहिल्या तर पुरे. कुणी तक्रार लिहिली तर तिला आदराने, उघडपणे उत्तर द्या. मी स्वतः एखाद्या दुकानाची पारख त्याच्या तक्रारींखालच्या उत्तरांवरून करतो.

निळी_शाई | ५ जुलै, दुपारी १२:२०

व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीबद्दलही एक सांगते. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून पाकिटावर 'हा क्रमांक जतन करा, ताजी भाजणी दळल्याचा निरोप मिळेल' अशी ओळ घाला. आणि रोज शुभप्रभात पाठवू नका. महिन्यातून दोनदा, भाजणी दळली त्याच दिवशी निरोप द्या.

सुगरण_बडोदा | ९ जुलै, रात्री ९:५०

चार रात्री वही पाहिली. वर्षात ४१२ वेगवेगळी घरे आली. त्यांतली १३७ तीन किंवा अधिक वेळा आली, आणि त्या १३७ पैकी ११८ घरांनी प्रत्येक वेळी थालीपिठाची भाजणी घेतली. दुसरे काही घेतले असो वा नसो. ३४ पैकी १९ प्रकार असे निघाले की ज्यांची वर्षभरात दहा पाकिटेही गेली नाहीत, आणि त्यांच्यासाठी मी डबे, लेबले आणि सुटी पिठे सांभाळत होते.

सर्वांत मोठे आश्चर्य गुजराती घरांचे आहे. १३७ मध्ये ४१ घरे गुजराती आहेत. मला ती दहा-बारा असतील असे वाटत होते. ती पहिल्यांदा कशी आली हे फोन करून विचारले, तर २९ जणींनी सांगितले की मराठी शेजारणीकडे किंवा कार्यालयात मैत्रिणीच्या डब्यात थालीपीठ खाल्ले होते. जाहिरात पाहून एकही आली नव्हती, पण जाहिरात मी केलीच कुठे होती, हेही खरे.

म्हणून असे ठरवते आहे. नाव सासूबाईंचेच राहील आणि त्याचा ट्रेडमार्कचा अर्ज करीन. लेबलवर नाव देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिपींत, त्याखाली गुजरातीत 'थालीपीठनो शेकेलो लोट'. श्रावणासाठी 'फराळी लोट' वेगळ्या लेबलने. कायम मिळणारे पाच प्रकार आणि बाकी सगळे मागणीनुसार. जी ११८ घरे नेमाने भाजणी घेतात त्यांना प्रत्येक खरेदीसोबत १०० ग्रॅमचे एक पाकीट शेजारणीला देण्यासाठी देणार आहे. त्याचा खर्च तीन महिन्यांत आठ-नऊ हजारांच्या आत बसतो. दुकानदाराला माझ्या नावाने २० किलो देण्याची तयारी दाखवली आहे. तो विचार करून सांगणार आहे.

कमाटीबाग | ९ जुलै, रात्री १०:२०

ताई, माझे मत बदलले. मंडळींना १२,००० देऊ नका. त्या १०० ग्रॅमच्या पाकिटावर एक चौकोनी कोड छापा आणि त्यामागे एकच, तुमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या उजेडात काढलेली, दीड मिनिटाची गुजराती चित्रफीत ठेवा : पीठ किती, पाणी किती, थापायचे कसे, झाकण कधी ठेवायचे. शेजारणीला पीठ मिळेल, पण पहिले थालीपीठ चिरले तर दुसरे ती करणार नाही. चित्रीकरण मी येऊन करून देतो, त्याचे काही घेणार नाही.

मांजलपूर_वारा | ९ जुलै, रात्री १०:४५

गुजराती बोलणे माझ्या शेजारणीकडून करवून घेऊ. तिने मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा थालीपीठ केले आहे आणि पहिल्या वेळी काय चुकले हे तिला नेमके आठवते.

सुगरण_बडोदा | १० जुलै, सकाळी ७:१५

रविवारी सकाळी दहा वाजता दोघांनी यावे. आदल्या दिवशी भाजणी दळून ठेवते. शेजारणीला सांगा की पीठ तिनेच भिजवायचे आहे, मी बाजूला उभी राहीन.